ओव्याचं तेल आणि कोंबड्यांची रक्ती हगवण: रीलमधला दावा कितपत खरा?

पोल्ट्रीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि इन्स्टाच्या रील्समध्ये एक दावा कायम फिरत असतो. कोंबड्यांना रक्ती हगवण लागली? औषधं सोडा, पाण्यात ओव्याचं नाहीतर लवंगेचं तेल टाका, तीन दिवसांत फरक! खाली कमेंटमध्ये निम्मे लोक ‘एकदम बरोबर दादा’ म्हणतात आणि उरलेले निम्मे शिव्या घालतात. तुमच्या घरी शेड नसेल, पण मामाची, मित्राची किंवा गावातल्या शेजाऱ्याची असेलच. आणि घरात फोनवर सर्च करून सांगणारा माणूस तुम्हीच, म्हणजे ‘हे खरंय का रे?’ हा प्रश्न फिरून तुमच्याकडेच येणार.

मी कोड लिहितो, पशुवैद्य नाही. पण हा विषय वाचायला घेतला तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार ओळखीची वाटेल अशी गोष्ट सापडली. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ हे वाक्य आमच्या ऑफिसात जसं रोज ऐकू येतं, तसंच इथेही आहे. फक्त लॅपटॉपच्या जागी काचेची डिश आणि सर्व्हरच्या जागी कोंबडीचं आतडं.

आधी आजार समजून घेऊ

रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस. शेडवर याला नुसतं ‘कॉक्सी’ म्हणतात. हा जिवाणूंचा किंवा विषाणूंचा आजार नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवून आणतो. मलेरियाच्या परजीवीचा हा लांबचा नातेवाईक. कोंबडीला त्रास देणाऱ्या याच्या सात जाती पूर्वीपासून माहीत आहेत आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा वेगळी. त्यातली सगळ्यात बदनाम म्हणजे आयमेरिया टेनेला. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात, तिथे ती घर करते. तिथलं अस्तर फाटतं आणि विष्ठेत रक्त दिसायला लागतं.

याची सिस्टीम खरंच जबरदस्त डिझाइन केलेली आहे. आजारी कोंबडीच्या विष्ठेतून ऊसिस्ट बाहेर पडतात. ऊसिस्ट म्हणजे परजीवीचं कवचबंद बीज समजा. बाहेर पडल्या पडल्या ते निरुपद्रवी असतं. त्याला ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते आतून तयार होतं: एका ऊसिस्टमध्ये चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन, म्हणजे एकूण आठ परजीवी. आता ते ‘ॲक्टिव्ह’ झालं. दुसरी कोंबडी तूस टोचताना ते गिळते. तिचा पेटा (हो, कलेजी-पेट्यातला पेटा) दाणे दळतो तसं हे कवचही फोडतो. पुढे आतड्यातलं पित्त आणि पाचकरस आतले परजीवी मोकळे करतात. म्हणजे कोंबडीची पचनसंस्थाच याचा पासवर्ड टाकते!

मग ते आतड्याच्या पेशींत घुसतात, वाढतात, पेशी फोडतात, पुढच्या पेशींत घुसतात. टेनेलाच्या बाबतीत पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त दिसतं, आणि साधारण आठवड्याच्या आत नवीन ऊसिस्ट बाहेर पडायला लागतात. एकापासून हजारोंच्या हिशोबाने. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये ओलं तूस असेल तर पुढचं गणित तुम्हीच करा. पावसाळ्यात कॉक्सी का उसळतो, तेही यातच आलं.

त्या कवचाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रयोगशाळेत ऊसिस्ट स्वच्छ करायचे असतील तर ते ब्लीचच्या द्रावणात धुतात, आणि साठवायचे असतील तर पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ठेवतात. बाकी जंतू मरतात, हे मजेत जगतात. त्यामुळे शेडमध्ये फिनाईल मारून ‘सॅनिटाइझ केलं’ म्हणणाऱ्यांवर आयमेरिया फक्त हसत असणार. कोरडेपणा, कडक उष्णता आणि अमोनिया यांना मात्र तो घाबरतो.

नुकसान किती? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरातला वर्षाचा खर्च २०१६ च्या किमतींवर सुमारे १०.४ अब्ज पौंड काढला. तेव्हाच्या दराने ढोबळमानाने नव्वद हजार कोटी रुपयांच्या वर. यात मेलेल्या कोंबड्या तर आहेतच, पण मोठा वाटा आहे तो न मेलेल्या कोंबड्यांचा. त्या खातात, पण वजन धरत नाहीत. ज्या शेडचं सगळं गणित एफसीआरवर चालतं, तिथे हा गपचूप होणारा तोटा जास्त जिव्हारी लागतो.

औषधं आहेत, मग तेल कशाला?

औषधं भरपूर आहेत. सल्फा गटातली औषधं १९४० च्या आसपासपासून, ॲम्प्रोलियम १९६० पासून आणि अमेरिकेत १९७१ मध्ये आलेलं मोनेन्सिन. हे शेवटचं आयनोफोर गटातलं. ही औषधं परजीवीच्या पेशीच्या आवरणातून सोडियमसारखे आयन आत घुसवतात आणि त्याचा समतोल बिघडवतात. ब्रॉयलरच्या खाद्यात यातलं काहीतरी बहुतेक वेळा आधीच मिसळलेलं असतं. पिशवीवरची बारीक अक्षरं वाचलीत तर सापडेल.

अडचण अशी की आयमेरिया शिकतो. आजवर जे जे औषध मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं, त्या प्रत्येकाला दाद न देणारे आयमेरिया कुठे ना कुठे सापडले आहेत. म्हणून कंपन्या औषधं आलटून पालटून वापरतात. दुसरा दबाव ग्राहकांचा. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं (कॉक्सीवरची औषधं तिथे वेगळ्या परवान्याखाली चालू राहिली). अमेरिकेत तर आयनोफोर कागदोपत्री अँटिबायोटिकमध्येच मोडतात, त्यामुळे पाकिटावर ‘अँटिबायोटिकविना वाढवलेलं चिकन’ लिहायचं असेल तर तेही वापरता येत नाहीत. मग पर्याय काय? एक म्हणजे लस. तिच्यात थोडे जिवंत ऊसिस्टच असतात आणि ती एक दिवसाच्या पिल्लांवर फवारतात. आणि दुसरा म्हणजे वनस्पतींची तेलं.

तेलात असतं तरी काय?

इथे ‘तेल’ म्हणजे शेंगदाण्याचं तेल नाही. झाडाच्या पानाफुलांना, बियांना जो वास असतो, त्या वासाचा अर्क, वाफेवर काढलेला. ओव्याचा तिखट वास येतो तो थायमॉलचा. पिझ्झासोबत येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुडीतला वास मुख्यतः कार्व्हाक्रॉलचा. आणि गंमत म्हणजे या दोघांचं रासायनिक सूत्र अगदी एकच आहे, फक्त एका गटाची जागा बदलते. आपण ज्याच्या पानांची भजी करतो तो कुंडीतला पानओवा, त्याच्यातही हीच दोन रसायनं आहेत. लवंगेत युजेनॉल. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड.

ही रसायनं पाण्यापेक्षा चरबीत चांगली विरघळतात. पेशीचं आवरण चरबीचंच बनलेलं असल्याने ती त्यात घुसतात, आवरण गळकं होतं आणि पेशी कोलमडते. हे डिशमध्ये नीट दिसतं. २०११ मध्ये मोरोक्कोतल्या संशोधकांनी वेगवेगळी तेलं थेट ऊसिस्टवर टाकून पाहिली, आणि थाइम, लवंग, टी ट्री यांसारख्या तेलांनी ऊसिस्ट नष्ट झाले. जे कवच ब्लीचला दाद देत नाही, ते तेलाने फुटतं! रील बनवायला एवढं पुरेसं आहे.

पण हे झालं लोकलहोस्टवर. डिशमध्ये तेल आणि ऊसिस्ट समोरासमोर असतात, मध्ये कोणी नाही, आणि तेलाचं प्रमाण हवं तेवढं वाढवता येतं. कोंबडीच्या पोटात असं काहीच नसतं.

कोंबडीत टाकून पाहिलं तेव्हा

यावरचा मला सगळ्यात आवडलेला प्रयोग ग्रीसमधला आहे, २००३ साली प्रसिद्ध झालेला. ग्रीस म्हणजे ओरेगॅनोचं माहेरघर, तेव्हा प्रयोग तिथे व्हावा हे साहजिकच. एक दिवसाची १२० ब्रॉयलर पिल्लं घेतली, चार सारखे गट केले. पहिल्या गटाला साधं खाद्य आणि संसर्गही नाही. बाकी तीन गटांतल्या प्रत्येक पिल्लाला चौदाव्या दिवशी टेनेलाचे ५०,००० तयार ऊसिस्ट पाजले. या तिघांपैकी एका गटाला साधं खाद्य, दुसऱ्याला किलोमागे ३०० मिलीग्रॅम ओरेगॅनोचं तेल घातलेलं खाद्य आणि तिसऱ्याला किलोमागे ७५ मिलीग्रॅम लासालोसिड, म्हणजे नेहमीचं आयनोफोर औषध.

ही मांडणी नीट बघा. रीलमध्ये ‘तेल दिलं आणि कोंबड्या बऱ्या झाल्या’ एवढंच असतं. पण कॉक्सीतून वाचलेल्या कोंबड्या काही दिवसांनी आपोआपही सावरतात, कारण परजीवीचं चक्र पूर्ण झाल्यावर आणि शरीरात प्रतिकारशक्ती आल्यावर आजार ओसरतो. मग फरक तेलाने पडला की दिवसांनी? ते कळायला काहीच न दिलेला गट शेजारी लागतो. आणि ‘औषधाइतकं चांगलं’ म्हणायचं असेल तर औषध दिलेला गटही लागतो. ग्रीसच्या लोकांनी दोन्ही ठेवले.

दोन आठवड्यांनंतरचा निकाल: तेलवाल्या पिल्लांचं वजन, रक्ती हगवण, जगण्याचं प्रमाण, आतड्यावरच्या जखमा, ऊसिस्टची संख्या हे सगळं, काहीच न दिलेल्या आजारी पिल्लांपेक्षा चांगलं. म्हणजे तेल काम करतं, हे थोतांड नाही. पण लासालोसिडच्या गटापेक्षा कमी. संशोधकांनी हेच स्पष्ट लिहिलं: परिणाम आहे, पण औषधापेक्षा कमी.

मला विचाराल तर माझ्यासाठी वाद इथेच मिटतो. ‘फालतू’ म्हणणारे चूक, ‘औषधं सोडा’ म्हणणारेही चूक. आणि दोघांतली दुसरी चूक जास्त महाग पडते.

मधली गळती कुठे होते?

पहिली गळती जागेची. टेनेला बसते आतड्याच्या शेवटाला. थायमॉल, कार्व्हाक्रॉल मात्र लवकर शोषले जातात. डुकरांच्या पिल्लांवरच्या अभ्यासात ते पोट आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच बहुतांश शोषले गेलेले आढळले. म्हणजे पार्सल निघालं कोल्हापूरला, पण सगळा माल पुण्यातच उतरवून घेतला. यावर उपाय म्हणून कंपन्या तेलाच्या थेंबांवर चरबीचं किंवा स्टार्चचं बारीक कवच चढवतात, जेणेकरून ते पुढे जाऊन फुटावं. पॅकवर ‘एन्कॅप्स्युलेटेड’ किंवा ‘कोटेड’ दिसलं तर त्याचा अर्थ हा. नुसती मार्केटिंगची फुशारकी नाही ती, त्यामागे कारण आहे.

दुसरी गळती हवेत. ही तेलं उडून जाणारीच आहेत, म्हणून तर वास येतो. पेलेट खाद्य बनवताना गरम वाफ देतात, त्यात उघड्या तेलाचा काही भाग तिथेच उडतो. उघड्या पोत्यात ठेवलं की आणखी थोडा.

तिसरी मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात जास्त खटकते: तेलाला व्हर्जन नंबरच नसतो. ‘थाइमचं तेल’ हे एकच नाव, पण एका झाडात थायमॉल भरपूर, तर त्याच जातीच्या दुसऱ्या झाडात लिनॅलूल किंवा जेरॅनिऑल जास्त. माती, हंगाम, कापणीची वेळ, सगळ्याने प्रमाण बदलतं. म्हणून एका प्रयोगात मस्त निकाल आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं होत राहतं. दोघांनी कदाचित वेगळीच वस्तू वापरलेली असते.

चौथं, डोस. ग्रीसचं प्रमाण धरलं तर ५० किलोच्या पोत्याला १५ ग्रॅम तेल. दिवसाला १०० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या पक्ष्याच्या वाट्याला ३० मिलीग्रॅम, म्हणजे जेमतेम एक थेंब. तो थेंब प्रत्येक पक्ष्याला सारखा मिळायला हवा. आता रीलमधला दादा काय करतो? बाटलीतून थेट पाण्याच्या टाकीत ओततो. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. टाकीचं पाणी खालून पाइपात जातं. म्हणजे बहुतेक पक्ष्यांना साधं पाणी मिळतं, आणि टाकी संपत आली की शेवटच्या काहींना तेलाचा झणझणीत घोट. लवंगेचं तेल तसंच जिभेला लावून बघा (खरंतर नकाच लावू), मग कळेल पिल्लाच्या घशात काय होत असेल. पाण्यातून द्यायचंच असेल तर पाण्यात मिसळेल असं बनवलेलं उत्पादन लागतं.

‘मग ओवाच दळून घालू का?’ असंही विचारतात. ओव्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असतं. मधला ३ टक्क्यांचा आकडा धरला तर १५ ग्रॅम तेलासाठी अर्धा किलो ओवा, तोही प्रत्येक पोत्याला. वर ओरेगॅनोच्या तेलाचा निकाल ओव्याला जसाच्या तसा लागू होईल असंही नाही. खर्चाचा हिशोब तुम्ही मांडा.

‘नैसर्गिक’ या शब्दाचं काय करायचं?

एक मजा सांगतो. वर ज्याला मी ‘औषध’ म्हटलं ते मोनेन्सिन कुठल्या केमिकल कंपनीच्या डोक्यातून आलेलं नाही. स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या मातीतल्या जिवाणूंपैकी एक ते बनवतो. लासालोसिडही त्याच्याच भाऊबंदांकडून आलेलं. म्हणजे ग्रीसच्या प्रयोगात खरं तर दोन नैसर्गिक पदार्थांचीच मॅच होती! आणि हेच नैसर्गिक मोनेन्सिन घोड्याच्या पोटात गेलं तर अगदी थोड्या मात्रेतही घोडा मरतो. त्यामुळे ‘नैसर्गिक म्हणजे सेफ’ हे समीकरण आधी डोक्यातून काढा.

आणि लेबलवरचा ‘नैसर्गिक’ खरा असेलच असंही नाही. यासाठी २०१७ चं नेदरलँड्स आठवायला हवं. तिथे अंडी देणाऱ्या कोंबड्यांना एक लाल माइट छळतो. दिवसा शेडच्या फटींत लपायचं आणि रात्री येऊन कोंबडीचं रक्त प्यायचं, अशी त्याची ड्युटी. चिकफ्रेंड नावाची एक कंपनी ‘डेगा-१६’ हे द्रावण वापरून शेड साफ करून द्यायची. निलगिरी आणि मेंथॉलचं, वनस्पतिजन्य, अशी त्याची ओळख. परिणाम इतका छान की शेतकरी एकमेकांना नाव सुचवायचे. मग तपासणीत अंड्यांमध्ये फिप्रोनिल सापडलं. हे कीटकनाशक कुत्र्यामांजरांच्या गोचिडांवर वापरतात; ज्यांचं मांस किंवा अंडी आपण खातो अशा प्राण्यांवर वापरायला युरोपात परवानगी नाही. निलगिरीच्या नावाखाली तेच मिसळलेलं होतं. लाखो अंडी नष्ट झाली, शेकडो शेतकऱ्यांची विक्री थांबली, आणि ती अंडी किंवा त्यांचे पदार्थ ४० हून जास्त देशांत पोचल्याचं निष्पन्न झालं. २०२१ मध्ये डच न्यायालयाने कंपनीच्या दोघा चालकांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पण ज्या शेतकऱ्यांनी चांगल्या हेतूने ‘हर्बल’ म्हणून ते वापरलं, त्यांच्या कोंबड्या तर आधीच गेल्या होत्या.

त्यामुळे एखादं ‘शंभर टक्के हर्बल’ द्रावण एका रात्रीत चमत्कार करत असेल तर खूश व्हायच्या आधी शंका घ्या. वनस्पतींच्या तेलांचा खरा परिणाम सहसा मध्यम असतो, हे आपण वर पाहिलंच.

तर मामाला काय सांगायचं?

पिल्लं निरोगी असताना, खाद्यातून, ठरलेल्या प्रमाणात, कोटेड उत्पादन वापरायचं असेल तर जरूर वापरून बघा. पण विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा: यात मुख्य रसायन कोणतं आणि किती टक्के? किलोमागे डोस किती? कोंबड्यांवरच्या चाचणीचा रिपोर्ट आहे का, आणि त्यात काहीच न दिलेला गट होता का? ‘ओवा, लवंग, दालचिनी इत्यादी’ एवढंच लिहिलेलं असेल आणि एकही आकडा नसेल, तर बाटली परत ठेवा. जमलं तर एका शेडमध्ये वापरा, दुसऱ्यात नको, आणि दोन्हीकडची मरतूक, खाद्य आणि वजन फोनमधल्या शीटमध्ये लिहा. आमच्याकडे याला ए-बी टेस्ट म्हणतात आणि त्यासाठी कुठलंही ॲप विकत घ्यावं लागत नाही.

सोबत तूस कोरडं ठेवा. गळका निपल आजच बदला, ढेपळं झालेलं तूस काढून टाका, शेडमध्ये हवा खेळू द्या. ऊसिस्टला तयार व्हायला ओल लागते, ती मिळालीच नाही तर तेलावर आणि औषधावर, दोन्हींवरचा भार कमी होतो. याचं कोणी रील बनवत नाही, कारण यात विकायला काही नाही.

पण विष्ठेत रक्त दिसायला लागलं असेल तर ती तेलाचे प्रयोग करायची वेळ नाही. टेनेला दोन-तीन दिवसांत शेड रिकामी करू शकते. मेलेला ताजा पक्षी आणि विष्ठेचा नमुना घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. तिथे आतडं उघडून जखमा बघतात, मायक्रोस्कोपखाली ऊसिस्ट मोजतात आणि कुठली जात आहे याचा अंदाज घेतात. आजारी पक्षी खाणं टाकतात पण पाणी पीत राहतात, म्हणून अशा वेळी औषध सहसा पाण्यातून दिलं जातं. डॉक्टरांनी ॲम्प्रोलियम दिलं तर एक गोष्ट विसरू नका: ते परजीवीला व्हिटॅमिन बी-१ मिळू न देता काम करतं. त्याच दिवसांत कोणी ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक ओतलं, तर औषधाचा जोर कमी होतो. टॉनिक कोर्स संपल्यावर, डॉक्टरांना विचारून. आणि औषध थांबवल्यावर किती दिवसांनी पक्षी विकायचे, तेही तिथेच विचारून लिहून घ्या.